युग्लिनाचा लाल ठिपका बघत नाही, तो सावली पाडतो

प्रश्न असा आला आहे: ‘मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. पुस्तकात युग्लिनाच्या लाल ठिपक्याला नेत्रबिंदू म्हटलंय आणि त्याने प्रकाशाची जाणीव होते, एवढंच लिहिलंय. एका विद्यार्थ्याने विचारलं, एकच पेशी, मेंदू नाही, नसा नाहीत, मग बघतंय कोण? शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली दिवा वाढवला तर युग्लिना प्रकाशाकडे यायचे सोडून पांगले. पुस्तकात तर उलटं लिहिलंय.’

तुमच्या विद्यार्थ्याला माझ्यातर्फे शाबासकी द्या. नेमकं बोट ठेवलंय त्याने. मी बरीच वर्षं युग्लिनासारखी पोहणारी एकपेशीय शैवलं वाढवतो आहे, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचा पहिल्या आठवड्यात हाच गोंधळ होतो. प्रकाश आहे हे कळणं वेगळं आणि प्रकाश कुठून येतोय हे कळणं वेगळं. पहिल्यासाठी प्रकाश शोषणारं एखादं रंगद्रव्य पुरतं. दुसऱ्यासाठी आडोसा लागतो.

डोळे घट्ट मिटून उन्हात उभे राहा. पापण्यांतून लालसर उजेड जाणवतो, पण त्यावरून सूर्य कुठे आहे ते नीट सांगता येत नाही. आता जागच्या जागी एक गिरकी घ्या. तोंड सूर्याकडे आलं की उजेड वाढतो, पाठ झाली की कमी होतो, कारण तुमचंच डोकं मध्ये येतं. दोन-तीन गिरक्यांत डोळे न उघडता दिशा सापडते. पोहणारी एकपेशीय शैवलं हेच करतात. प्रकाश टिपणारी एक लहानशी जागा, तिच्या एका बाजूला आडोसा आणि स्वतःभोवती फिरत राहणं. एवढ्या तीन गोष्टी असल्या की मेंदूवाचून दिशा कळते.

म्हणून युग्लिनाचा तो लाल ठिपका डोळा नव्हे. तो आडोसा आहे. टेओडोर एंगेलमान या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८८२ मध्येच हे दाखवलं होतं. पोहणाऱ्या युग्लिनावर त्याने बारीक सावली पाडली. सावली लाल ठिपक्यापर्यंत पोचायच्या आधीच, पुढचं रंगहीन टोक झाकलं गेल्याबरोबर, युग्लिनाने प्रतिसाद दिला. म्हणजे प्रकाश कळणारी जागा ठिपक्याच्या पुढे होती. नंतर तिथे, कशाभिकेच्या (पोहण्यासाठी हलणाऱ्या चाबकासारख्या धाग्याच्या) बुडाशी, एक फुगीर भाग सापडला आणि खरा ग्राहक, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, तोच ठरला. लाल ठिपका म्हणजे कॅरोटिनॉइड (गाजराला रंग देणाऱ्या जातीच्या) रंगद्रव्यांनी भरलेल्या थेंबांचा पुंजका. युग्लिना फिरत फिरत पोहतो तेव्हा हा पुंजका मधूनमधून ग्राहकाच्या आड येतो. इतक्या वर्षांनीही पाठ्यपुस्तकात बाणाचं टोक लाल ठिपक्यावर आणि शेजारी ‘नेत्र’ हा शब्द, याचं मला नवल वाटत नाही. लाल ठिपका दिसतो, ग्राहक दिसत नाही. चित्र काढणारा दिसेल तेच काढणार.

ग्राहकात नेमकं काय आहे हे कळायला मात्र २००२ साल उजाडावं लागलं. जपानी संशोधकांनी युग्लिनाच्या त्या फुगीर भागातून एक प्रथिन वेगळं केलं. त्यात फ्लेविन म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या कुटुंबातला एक रेणू आहे. त्याच्यावर निळा प्रकाश पडला की ते प्रथिन सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू बनवायला लागतं, आणि त्याने कशाभिकेची चाल बदलते. ग्राहक आणि निरोप तयार करणारा कारखाना एकाच प्रथिनात. हे प्रथिन पेशीत बनूच दिलं नाही, तर एकाएकी उजेड वाढल्यावर युग्लिना जसा दचकतो, तसा तो दचकत नाही. हे ‘दचकणं’ लक्षात ठेवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

यंत्रणा मुळापासून समजून घ्यायची तर मात्र युग्लिनापेक्षा क्लॅमिडोमोनास बरा. हे साधारण १० मायक्रोमीटरचं गोलसर हिरवं शैवल आहे. पुढे दोन कशाभिका, आणि त्या पोहणाऱ्या माणसाने दोन्ही हात पुढून मागे मारावेत तशा सेकंदाला सुमारे ५० वेळा हलतात. वेग सेकंदाला १०० मायक्रोमीटरच्या आसपास. आकडा फुटकळ वाटेल, पण हे स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर झालं. माणसाच्या उंचीच्या हिशेबात सेकंदाला १७ मीटर! तेही मधातून पोहल्यासारखं, कारण एवढ्या लहान आकाराला पाणी फार चिकट लागतं. कशाभिका थांबल्या की पेशीही थांबली. घसरत पुढे जाणं वगैरे नाहीच. त्यामुळे प्रत्येक क्षणाची दिशा त्या क्षणीच ठरवावी लागते.

पुढे जाताना ही पेशी स्वतःभोवती सेकंदाला साधारण दोन गिरक्या घेते. तिचा ठिपका एका बाजूला, दोन टोकांच्या साधारण मधोमध असतो. युग्लिनाचा ठिपका हरितलवकाच्या (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या भागाच्या) बाहेर, तर हिचा हरितलवकाच्या आत, अगदी कडेला. त्यात कॅरोटिनॉइडच्या बारीक गोळ्या थरांवर थर रचलेल्या असतात. ग्राहक प्रथिनं त्यांच्या बरोबर वर, पेशीपटलात बसलेली.

या थरांची रचना निव्वळ आडोशाच्याही पुढची आहे. केनेथ फॉस्टर आणि रॉबर्ट स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलं, की थरांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीशी असं जुळलेलं आहे की ते आरशासारखे वागतात. बाहेरून आलेला प्रकाश ग्राहकातून जातो, थरांवर आपटून परत येतो आणि दुसऱ्यांदा ग्राहकातून जातो. उलट बाजूने, पेशीच्या आतून आलेला प्रकाश तिथे अडतो. समोरचं दुप्पट दिसावं आणि मागचं मुळीच दिसू नये, अशी ही सोय. विजेरीच्या दिव्यामागची चकचकीत वाटी आठवा, फक्त उलट कामाला लावलेली.

आता गंमत पाहा. दिवा एका बाजूला आहे आणि पेशी त्याच्याशी काटकोनात पोहते आहे. ती गिरकी घेते तसा ठिपका एकदा दिव्यासमोर येतो, एकदा पाठमोरा होतो. ग्राहकाला सेकंदाला दोनदा लख्ख, दोनदा अंधूक अशी लुकलुक मिळते. प्रत्येक लुकलुकीला पेशी दिशेत थोडीशी दुरुस्ती करते. हळूहळू तिचं तोंड दिव्याकडे वळतं. आणि तोंड बरोबर दिव्याकडे झालं की ठिपका कुठल्याही क्षणी दिव्याला सारख्याच कोनात असतो. लुकलुक थांबते, दुरुस्ती थांबते, पेशी सरळ जाते. म्हणजे ‘दिवा कुठे आहे’ असा प्रश्न ती कधी विचारतच नाही. तिला फक्त लुकलुक नकोशी असते. दिशा शोधण्याचं काम लुकलुक टाळण्यात आपोआप होऊन जातं.

आणखी एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. ठिपका दोन्ही कशाभिकांच्या हलण्याच्या प्रतलात नसतो. गिरकीच्या दिशेने तो साधारण ४५ अंश पुढे असतो. का? कारण ठिपक्याला प्रकाश लागल्यापासून कशाभिकांची चाल बदलेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात पेशी फिरलेली असते. ठिपका पुढे असल्यामुळे निरोप कशाभिकांपर्यंत पोचतो तेव्हा त्या योग्य जागी आलेल्या असतात. हलत्या निशाणावर नेम धरताना थोडं पुढे धरतात ना, तसं.

निरोप कसा जातो, ही गोष्ट तर जीवशास्त्राबाहेरही गाजली. १९८४ मध्ये फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेटिनल बनवू न शकणारा, म्हणून आंधळा असलेला क्लॅमिडोमोनास घेतला आणि त्याला बाहेरून रेटिनल दिलं. पेशी पुन्हा प्रकाशाला वळू लागल्या. रेटिनल म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारा रेणू, आपल्या दृष्टिपटलातही हाच असतो. थोडा बदललेला रेटिनल दिला तर पेशी वेगळ्या रंगाला प्रतिसाद देऊ लागल्या. ग्राहक आपल्या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे र्‍होडॉप्सिनच्या जातीचा आहे, याचा हा पुरावा होता. युग्लिनाने एक वाट धरली, क्लॅमिडोमोनासने दुसरी. दोघांनाही ‘नेत्रबिंदू’ हे एकच नाव देऊन आपण मोकळे झालो.

पण आपल्या डोळ्यात र्‍होडॉप्सिनवर प्रकाश पडला की एक प्रथिन दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला असा निरोप फिरत जातो आणि मग शेवटी पटलातली आयनांची (विद्युतभारित कणांची) दारं हलतात. क्लॅमिडोमोनासमध्ये ही साखळीच नाही. तिथे प्रकाश टिपणारं प्रथिन स्वतःच दार आहे. रेटिनल प्रकाशाने वाकतो, दार उघडतं, धन आयन आत घुसतात, आणि हे सगळं मिलिसेकंदाच्याही आत सुरू होतं. गेओर्ग नागेल, पेटर हेगेमान आणि अर्न्स्ट बामबर्ग यांच्या गटाने २००२ आणि २००३ मध्ये अशा दोन प्रथिनांचं काम दाखवलं. त्यांना चॅनेलर्‍होडॉप्सिन म्हणतात. २००५ मध्ये त्यांतलं एक उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूतल्या चेतापेशींमध्ये घालून, निळ्या प्रकाशाच्या झोताने त्या पेशी हव्या तेव्हा चेतवता आल्या. मेंदूच्या संशोधनाची एक अख्खी शाखा तिथून उभी राहिली. २०२१ मध्ये तर दृष्टिपटलाच्या आजाराने अंध झालेल्या एका माणसाच्या डोळ्यात अशाच शैवलातून घेतलेलं, थोडं बदललेलं प्रथिन घातलं गेलं, आणि खास चष्मा लावल्यावर त्याला टेबलावरच्या वस्तू शोधून हात लावता येऊ लागला. डबक्यातल्या पेशीचं हे प्रथिन इथवर येईल, असं मी विद्यार्थी होतो तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो.

परत पेशीकडे येऊ. आयन आत आले की कॅल्शियमच्या पातळीत फरक पडतो. दोन कशाभिका दिसायला सारख्या असल्या तरी कॅल्शियमला सारखा प्रतिसाद देत नाहीत. ठिपक्याजवळची एक, दुसरी लांबची. एकीचा फटका जोरकस होतो, दुसरीचा ढिला, आणि पेशी वळते. होडीत एका बाजूचं वल्हं जोरात मारावं तसं. प्रकाश एकाएकी फारच वाढला तर मात्र दोन्ही कशाभिका नेहमीची चाल सोडून पुढच्या बाजूला लाटेसारख्या हलू लागतात, आणि पेशी क्षणभर उलटी, मागे पोहते. हेच ते दचकणं. त्यात दिशा नाही. प्रकाश कुठूनही येवो, पेशी मागे सरते, थांबते, पुन्हा कुठल्या तरी दिशेला निघते.

इथे शब्दांची काळजी घ्या. प्रकाशाच्या दिशेने किंवा विरुद्ध जाणं म्हणजे प्रकाशानुचलन. उजेड एकदम बदलल्यावर दचकणं ही वेगळी क्रिया. आणि खिडकीतल्या कुंडीतलं झाड उजेडाकडे वाकतं ते प्रकाशानुवर्तन. तिथे वाढ होते, चालणं नाही. परीक्षेत या तिन्हींची सरमिसळ नेहमी होते, आणि खरं सांगायचं तर छापील लेखांतही होते.

मग पेशी प्रकाशाकडे जाणार की लांब, हे कोण ठरवतं? लुकलुकीचा हिशेब पुन्हा पाहा. तोंड दिव्याकडे असो किंवा पाठ, दोन्ही वेळा लुकलुक थांबते. म्हणजे ठिपका आणि ग्राहक दोन्हीपैकी काहीही निवडत नाहीत. निवड कशाभिका कुठल्या बाजूला वळवतात यावर ठरते, आणि ती बाजू पेशीच्या आतल्या परिस्थितीनुसार बदलते. साधारणपणे मंद प्रकाशाकडे पेशी जाते, प्रखर प्रकाशापासून पळते. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की पेशीतलं ऑक्सिडीकरणाचं पारडं इकडचं तिकडे केलं तर दिवा न बदलताही दिशा उलटते. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं काही दिलं की पेशी प्रकाशाकडे, आणि ते शोषून घेणारं द्रव्य दिलं की प्रकाशापासून दूर. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशीच्या दृष्टीने हे पोटात किती आहे यावर पाय कुठे वळतात ते ठरण्यासारखं आहे.

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. सुरुवातीच्या काळात एक उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेला) वाण माझ्याकडे होता. सकाळी तपासला की दिव्याकडे जायचा, दुपारी तपासला की दिव्यापासून लांब. दोन आठवडे मी त्यात दैनंदिन लय शोधत बसलो. आलेख काढले, नावही ठरवून ठेवलं होतं. शेवटी एका सहकाऱ्याने विचारलं, ‘दुपारपर्यंत बाटल्या कुठे असतात?’ त्या प्रखर दिव्यांच्या खोलीत असत, आणि सकाळच्या बाटल्या रात्रभर अंधाऱ्या कपाटात. वाण बिचारा अगदी सरळ होता, आधी मिळालेल्या उजेडाप्रमाणे वागत होता. (खऱ्या दैनंदिन लयीही असतात, पण त्या तपासायला पेशी सतत सारख्याच परिस्थितीत ठेवाव्या लागतात.)

आता जीवाणूंकडे वळू, कारण तिथे हा आडोशाचा खेळ बहुधा जमतच नाही. दोन मायक्रोमीटरच्या पारदर्शक शरीरात आडोसा घालायचा कुठे? बरेच जीवाणू म्हणून दिशेच्या वाटेला जातच नाहीत. ते जागा सोडून काळ मोजतात: ‘आत्ता किती आहे, मघाशी किती होतं?’ एंगेलमाननेच १८८३ मध्ये जांभळ्या जीवाणूंवर केलेलं निरीक्षण याचं उत्तम उदाहरण आहे. काचपट्टीवर उजेडाचं एक वर्तुळ पाडलं तर हे जीवाणू काही वेळात तिथे गर्दी करतात. वाटतं, उजेडाच्या ओढीने आले. नीट पाहिलं तर ते कुठूनही, कसेही पोहत येतात. उजेडात शिरताना काही होत नाही. बाहेर पडताना मात्र कडेवर एकदम अंधार लागतो आणि ते झटकन उलटे फिरतात. उंदराचा पिंजराच हा: आत यायला मोकळीक, बाहेर जायला बंदी. उजेडाची आवड कुणालाच नाही, अंधाराचा दचका मात्र सगळ्यांना आहे. एंगेलमानने वर्णपटाचा पट्टा काचपट्टीवर पाडला तेव्हा हे जीवाणू अवरक्त भागातही जमले. तिथे आपल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण त्यांचं रंगद्रव्य तोच प्रकाश शोषतं. अशा अनेक जीवाणूंत वेगळा प्रकाशग्राहकही नसतो. प्रकाशसंश्लेषणातून मिळणारा ऊर्जेचा ओघ कमी झाला की तोच इशारा.

खारट पाण्यात, मिठागरांत राहणारा हॅलोबॅक्टेरियम याहून चोखंदळ. (नावात बॅक्टेरियम असलं तरी तो जीवाणू नाही, आर्किया या जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातला आहे.) त्याच्याकडे र्‍होडॉप्सिनच्या जातीची चार प्रथिनं आहेत. दोन प्रकाशावर चालणारे पंप, दोन जाणिवेसाठी. नारिंगी प्रकाश पंपांना उपयोगी, म्हणून त्यात तो जास्त वेळ सरळ पोहतो. निळा किंवा अतिनील लागला की लवकर उलटा फिरतो. इथेही दिशेचा प्रश्नच नाही. चांगल्या जागी कमी वेळा वळायचं, वाईट जागी जास्त वेळा, एवढ्याने झुंडच्या झुंड योग्य ठिकाणी पोचते. मला विचाराल तर हा मार्ग क्लॅमिडोमोनासच्या मार्गापेक्षा कमी चतुर नाही, फक्त डोळ्यांत भरत नाही.

‘जीवाणूंना दिशा कळत नाही’ असं मी अनेक वर्षं वर्गात ठासून सांगत आलो. २०१६ मध्ये ते वाक्य मागे घ्यावं लागलं. सिनेकोसिस्टिस हा गोल, सुमारे ३ मायक्रोमीटरचा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू. त्याला कशाभिका नाहीत. ओल्या पृष्ठभागावर तो बारीक केसांसारखे धागे पुढे टाकून, चिकटवून, ओढून सरकतो. तासाभरात जेमतेम मिलिमीटरभर, किंवा त्याहूनही कमी. पण सरकतो तो थेट प्रकाशाच्या दिशेने. कोड्याचं उत्तर असं निघालं की त्याची आख्खी पेशी भिंगासारखी वागते. एका बाजूने आलेला प्रकाश पेशीतून जाऊन पलीकडच्या कडेवर एकवटतो आणि तिथे लख्ख ठिपका पडतो. पेशी त्या लख्ख ठिपक्यापासून लांब सरकते, म्हणजेच प्रकाशाच्या उगमाकडे. इथे सावलीऐवजी तिच्या अगदी उलट गोष्ट वापरली आहे, पण तत्त्व तेच: पेशीची एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी उजळली पाहिजे.

आणि इथून धागा परत आडोशाला येऊन मिळतो. त्याच वर्षी क्लॅमिडोमोनासच्या अशा उत्परिवर्ती वाणांवर काम झालं ज्यांच्या ठिपक्यात कॅरोटिनॉइड नव्हतं. ग्राहक शाबूत, आडोसा गायब. अपेक्षा अशी की त्यांना दिशाच कळू नये. प्रत्यक्षात ते व्यवस्थित वळत होते, पण उलट्या बाजूला! साधा वाण दिव्यापासून पळे तेव्हा हे दिव्याकडे जात, आणि तो दिव्याकडे जाई तेव्हा हे पळत. कारण क्लॅमिडोमोनासची पेशीही भिंगच आहे. मागून आलेला प्रकाश ती ग्राहकावर एकवटते, आणि आडोसा नसल्यामुळे तो समोरून आलेल्या प्रकाशापेक्षा तेजस्वी ठरतो. पेशीला वाटतं दिवा पलीकडे आहे. म्हणजे लाल ठिपक्याचं एक काम स्वतःच्याच शरीराच्या भिंगाने फसू न देणं, हेही आहे. तुमच्या विद्यार्थ्याला हा प्रयोग जरूर सांगा. ठिपका डोळा असता, तर तो फिका झाल्यावर पेशी आंधळी झाली असती.

रोमकांनी, म्हणजे अंगभर असलेल्या बारीक केसांनी, पोहणाऱ्या मोठ्या पेशींबद्दल थोडक्यात. तुतारीच्या आकाराचा स्टेंटॉर मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठा असू शकतो आणि निळसर दिसतो. गुलाबी ब्लेफॅरिस्मा त्याहून लहान. दोघेही प्रखर प्रकाश टाळतात: थांबतात, मागे सरतात, वळून निघतात. त्यांचा रंग हाच त्यांचा ग्राहक आहे. ब्लेफॅरिस्माचं रंगद्रव्य तर प्रखर उजेडात त्याच्याच जिवावर उठतं, त्यामुळे पळणं भागच असतं. तो पाळायचा तर अंधारात पाळा.

आणि खराखुरा डोळा? एकपेशीय जीवांत तोही आहे. वॉर्नोविइड नावाच्या समुद्री डायनोफ्लॅजेलेट गटात एकाच पेशीच्या आत भिंग, त्यापुढे पारदर्शक पडदा आणि मागे दृष्टिपटलासारखी वाटी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं वर्णन झालं तेव्हा काहींना ती जेलीफिशच्या डोळ्याची उचल वाटली होती. ही पेशी प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. समुद्रातून एकेक टिपून आणावी लागते. २०१५ मध्ये दिसून आलं की पुढचा पडदा तंतुकणिकांचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचा) बनलेला आहे आणि मागची वाटी लवकापासून, म्हणजे हरितलवकाच्या जातीच्या भागापासून, आलेली आहे. ज्या लवकांनी एकेकाळी अन्न बनवलं, त्यांचा इथे दृष्टिपटल झाला. असा डोळा मोजक्या पेशींत आहे. बाकी सगळं जग गिरकी आणि सावलीवर चाललं आहे.

आता तुमचे पांगलेले युग्लिना. सूक्ष्मदर्शकात प्रकाश खालून वर येतो आणि पेशी काचपट्टी व वरची पातळ काच यांच्यामध्ये चेपलेल्या असतात. ‘प्रकाशाकडे जाणं’ म्हणजे तिथे खाली, काचेत घुसणं. ते शक्यच नाही. त्यामुळे त्या मांडणीत प्रकाशानुचलन दिसतच नाही. तुम्ही दिवा वाढवला तेव्हा उजेड एकदम वाढला आणि युग्लिना दचकले, चाल मोडून इकडेतिकडे वळले. सूक्ष्मदर्शकाचा झोत त्यांना नेहमी मिळणाऱ्या उजेडापेक्षा कितीतरी प्रखर असतो, म्हणून ते उजळलेल्या वर्तुळातून बाहेर पडेपर्यंत दचकत राहतात. पुस्तक चूक नाही आणि तुमचं निरीक्षणही चूक नाही. दोन वेगळ्या क्रिया आहेत.

प्रकाशानुचलन दाखवायचं असेल तर बशी काळ्या कागदाने गुंडाळा, एका बाजूला बोटभर फट ठेवा आणि दिवा त्या फटीसमोर आडवा ठेवा. वर ठेवू नका. युग्लिना आणि क्लॅमिडोमोनास अंधारातही वर पोहतात, त्यामुळे दिवा वर असेल तर प्रकाश की गुरुत्व ते कधीच कळणार नाही. तापणारा दिवा नको, एलईडी घ्या. नाहीतर उष्णतेला प्रकाश समजून बसाल. मंद उजेडात ठेवलेला ताजा, हिरवा नमुना घ्या. पिपेटने जोरात ओढू-सोडू नका. क्लॅमिडोमोनास अशा धक्क्याने कशाभिका टाकून देतो आणि त्या परत यायला दीड-दोन तास लागतात. अर्ध्या तासाने कागद काढला की फटीच्या बाजूला हिरवी रेघ दिसायला हवी. मग बशी अर्धी फिरवून पुन्हा झाका. रेघ बाजू बदलून पुन्हा दिव्याकडे आली तरच प्रकाशावर खापर फोडा.

एक सावधगिरी जीवाणूंच्या बाबतीत. ते उजेडात जमले म्हणजे त्यांना उजेड कळतो असं नाही. एंगेलमाननेच शैवलाच्या धाग्यावर वर्णपट पाडला होता. प्राणवायूच्या मागे लागणारे जीवाणू लाल आणि निळ्या भागात जमले, कारण तिथे शैवल जास्त प्रकाशसंश्लेषण करून जास्त प्राणवायू सोडत होतं. त्या जीवाणूंना प्रकाशाशी काही देणंघेणं नव्हतं.

वर्गात शेवटी एकच पेशी दाखवा. दिव्यावर गडद लाल काच ठेवा. गडद लाल प्रकाशाने युग्लिनाची चाल बिघडत नाही, आणि तुम्हाला पुरेसं दिसतं. एक युग्लिना निवडा, बाकीचे विसरा, आणि त्याच्या ठिपक्यावर नजर ठेवायला मुलांना सांगा. पोहता पोहता तो गिरकी घेतो तसा ठिपका या कडेला दिसतो, मग त्या कडेला, मग पुन्हा या कडेला.